रविवारच्या पुरवणीतलं मरण

दार बंद झालं आणि परत उघडलं नाही. टीव्हीवर काळं आकाश आणि चांदण्या म्हणून पडद्याला पाडलेल्या भोकांतून येणारा उजेड, एवढंच काही वेळ दिसत राहिलं, आणि मग नावं वर सरकायला लागली. पंडितची बायको प्रमिला खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मेली वाटतं ती." पंडितच्या मांडीवर पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावर कागद, आणि कागदावर यानाच्या त्याच दाराची चौकट त्याने अर्धी काढून ठेवली होती. दर रविवारी सकाळी तो असाच बसायचा. 'ध्रुवयान' ही हिंदी सिरियल सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्यावरची चित्रकथा जळगावच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्याच्या हातची छापून येत होती. दोन भागांच्या मधल्या आठवड्यात यानावर काय घडलं असेल ते त्याने रचायचं आणि काढायचं. आज घडलं होतं ते सरळ होतं. यानाची डॉक्टर इरा बिघाड काढायला बाहेर गेली होती आणि तिच्यामागे दार लागलं होतं. नटीने काम सोडलं असणार, सिनेमात गेली असेल किंवा लग्न झालं असेल. पंडितने पेन्सिल खाली ठेवली. त्याला मेथीचा कच्चा वास आला, तो एरवी यायचा नाही. 'मेली वाटतं ती.' प्रमिलाचा आवाज अगदी घरगुती होता, दूध नासलं म्हणावं तसा. हे वाक्य याच घरगुती आवाजात त्याने आधी एकदा ऐकलं होतं. फागण्याच्या घरी, भर दुपारी, अंगणात. तेव्हा आबा म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर विहिरीवर जाऊन त्यांनी कपड्यांसकट आंघोळ केली होती.

फागणे धुळ्याला लागून, जळगावच्या रस्त्यावर. आबा, म्हणजे त्याचे वडील अभिमन, एसटीत ड्रायव्हर होते. पंडित धुळ्याला चित्रकलेच्या शिक्षकांचा कोर्स करत होता तेव्हा चैत्राम त्याच्या वर्गात होता, शिरपूरकडचा, बोराडीच्या पुढच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. अबोल मुलगा. डोंगर काढायचा तर एका रेषेत काढायचा आणि ती रेषा कुठेही चुकायची नाही. पंडित त्याला रविवारी घरी जेवायला आणायचा. धाकटी बहीण मंजुळा वाढायची. एवढंच पंडितला दिसलं होतं, आणि नंतर अनेक वर्षं तो आठवून पाहायचा तेव्हाही एवढंच दिसायचं: ताट, भाकरी, वाढणारा हात, खाली मान घालून जेवणारा चैत्राम. बाकी जे काही घडलं असेल ते त्या चित्राच्या चौकटीबाहेर घडलं होतं. एक दिवस मंजुळा शिवणक्लासला गेली ती आलीच नाही. चार दिवसांनी कळलं की दोघांनी लग्न केलंय. भावकी जमली, कोणी काय काय म्हणालं, आणि आबांनी सगळ्यांचं ऐकून घेऊन ते एक वाक्य म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी डेपोत सांगून शिरपूरची गाडी सोडली आणि नंदुरबारकडची घेतली. निवृत्त होईपर्यंत ते शिरपूरच्या वाटेवरच्या तापीच्या पुलावरून गेले नाहीत. आईने घरात तिचं नाव काढलं नाही. पंडितनेही नाही. त्याला कोणी मनाई केली नव्हती. न काढण्याची सवय झाली, चष्म्याची होते तशी.

मग इरा आली. सिरियलच्या दुसऱ्या वर्षी मुंबईच्या ऑफिसातून नव्या पात्राची फक्त माहिती आली, फोटो आला नाही. डॉक्टर, वय तरुण, स्वभाव हट्टी. पुरवणी पाहणारे मोतीलालभाऊ म्हणाले की फोटो येईपर्यंत काहीतरी काढून द्या, छपाई थांबणार नाही. पंडितने काढलं. हाताने काढलं असं म्हणायला हवं, कारण तो स्वतः तेव्हा यानाच्या खिडक्यांचा विचार करत होता. शाई वाळल्यावर त्याने पाहिलं तर डावी भुवई किंचित वर चढलेली, ओठ मिटलेले, काही विचारायच्या आधी थांबलेला चेहरा. त्याने तो बदलला नाही. पुढे फोटो आला. नटी गोल चेहऱ्याची होती, हसरी होती. काही वाचकांनी कळवलं की चित्रातली इरा टीव्हीवरच्या इरासारखी दिसत नाही. मोतीलालभाऊंनी ते हसण्यावारी नेलं. खेड्यांत रविवारी सकाळी निम्म्या वेळा वीज नसते, ते म्हणाले, त्यांची इरा हीच. ते खरंही होतं. फागण्याला टीव्ही घरात होता पण त्यावर आईने क्रोशाचं कापड घातलेलं असायचं. पेपर मात्र पहिल्या गाडीने यायचा. आईला, झुंबरबाईला, वाचता येत नव्हतं. ती चित्रं बघायची. एकदा पंडित घरी गेला असताना ती इराच्या चित्रावर बोट ठेवून बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "हाई पोर गुणी शे." पंडित हो म्हणाला. आबा पलीकडे बसून बाजारभाव वाचत होते. ते पुरवणी उघडत नसत. घडी तशीच ठेवून तिच्यावर चष्मा ठेवत.

सोमवारी ऑफिसात मोतीलालभाऊंनी मुंबईचा निरोप सांगितला. सिरियलमध्ये जो मेला तो चित्रकथेत जिवंत ठेवायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. या रविवारी इराचं मरण यायला हवं, आणि नीट यायला हवं, अर्धं पान देतो. पंडितने विचारलं की ती परत येईल असं काही ठेवता येईल का. मोतीलालभाऊंनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले की लोकांना आशा लावायची नाही, मग ते ऑफिसात येतात. पंडित घरी आला. त्याने आधी तिला पाठमोरं काढलं, दोरी सुटलेली, हात पसरलेले. मोतीलालभाऊंनी ते परत पाठवलं. चेहरा कुठंय, शेवटी लोक चेहराच बघणार. मग त्याने शिरस्त्राणाची काच काळी केली आणि काचेत तारे दाखवले. हेही परत आलं. यात राग यावा असं काही नव्हतं. मोतीलालभाऊंचं म्हणणं बरोबर होतं, हे त्याला काढतानाच कळत होतं. त्या आठवड्यात तो सायकलवर नेरी नाक्यापर्यंत जायचा आणि उगाच परत यायचा. डाळमिलजवळून जाताना हवेत तुरीची धूळ असायची, ती जिभेवर बसायची. त्याला वाटायचं की आपण कशाला तरी भितोय, पण भीती शोधायला गेलं की ती तिथे नसायची. तिथे फक्त एक प्रश्न असायचा, आई कुठे बोट ठेवेल.

गुरुवारी त्याने पेन्सिल न घेता सरळ शाईने चेहरा काढला. एका बैठकीत झाला. काच, काचेवरचा तिच्याच श्वासाचा धूसर डाग, आणि आत ती. भुवई वर नव्हती; पहिल्यांदाच खाली आली होती. तोंड किंचित उघडं होतं, जणू तिने विचारायचं ते अखेर विचारलं होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. पंडितने कागद लांब धरला. इतका चांगला चेहरा त्याने आजवर काढला नव्हता. हे कळल्यावर त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला हे कळल्यावर तो उठून मोरीत गेला आणि हात बराच वेळ धुत राहिला. शाई नखांतून जाईना. प्रमिला दारात येऊन उभी राहिली. ती या घरात आली ती मंजुळा गेल्यानंतर. तिला जे ठाऊक होतं ते अर्ध्या अर्ध्या वाक्यांतून. तिने चित्र पाहिलं असावं. तिने विचारलं की मंजुळाला तुम्ही नंतर कधी भेटला नाहीत का. पंडित नाही म्हणाला. पत्ता माहीत आहे का. तोही नाही, गाव माहीत आहे. "मग हे कशाला काढता?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पंडित पुन्हा नखं घासायला लागला. मग तीच म्हणाली की रविवारी फागण्याला जाऊन या, आई एकट्या बघतील तर बरं नाही.

रविवारी पहिल्या गाडीत तो बसला तेव्हा पेपरचे गठ्ठे टपावर होते. म्हणजे ते चित्र आणि तो एकाच गाडीने चालले होते, एरंडोल, पारोळा, मध्ये थांबत. प्रत्येक थांब्यावर एक गठ्ठा खाली पडायचा. त्याने आईला सांगायची वाक्यं मनात जुळवली: ती बाई कामाला नाही म्हणाली, मुंबईच्या लोकांनी ठरवलं, हे खोटं असतं, पुठ्ठ्याचं यान असतं. वाक्यं चांगली होती. पण घरी पोचला तेव्हा आई गोठ्यात होती. म्हैस आज-उद्यात व्यायणार होती आणि तिला उसंत नव्हती. फाट्यावर चहा घ्यायला तो थांबला तेवढ्यात पेपर त्याच्या आधी पोचला होता. पेपर खाटेवर होता. पुरवणी उघडलेली होती. आबा तिच्याशेजारी बसले होते, दाढी केलेली, चष्मा डोळ्यांवर. त्यांनी पंडितला बसायची खूण केली. पाणी द्यायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच माठाकडे गेला आणि परत आला. आबा कागदाकडेच पाहत होते. ते म्हणाले, "तिले परत मारी टाकं का रे?"

पंडित उभाच राहिला. आबांनी हे चित्र कधी पाहिलं, किती वर्षं पाहत होते, घडीखाली, चष्म्याखाली, कोणी घरात नसताना, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं आणि एकमेकांना अडून बसलं. जुळवलेली वाक्यं त्याने बोलायला सुरुवात केली. नटीचं सांगितलं, मुंबईचं सांगितलं. आबा ऐकत होते, गाडी का उशिरा सुटली हे सांगणाऱ्या कंडक्टरचं ऐकावं तसं, मध्ये न तोडता. पंडितचं संपल्यावर अंगणात कोंबडीच्या पायांचा आवाज येत राहिला. मग आबा म्हणाले, "पह्यले मी मारं. आते तू." त्यांनी चष्मा काढून डबीत घातला, डबी खिशात घातली आणि खुंटीवरची टोपी घेतली. "चाल."

पंडितने कुठे हे विचारलं नाही. आई गोठ्याच्या दारात आली होती. हात कोपरापर्यंत चाऱ्याने भरलेले. तिने दोघांकडे पाहिलं. मग हात न धुता आत गेली आणि एका पिशवीत बिबड्या, ज्वारीचे पापड, भरून ती पिशवी पंडितच्या हातात दिली, बिबड्या मोडतील म्हणून गाडीत मांडीवर धर म्हणाली. तू येत नाहीस का, असं पंडितने विचारलं तेव्हा तिने म्हशीकडे बोट दाखवलं. तिला सोडून कशी येऊ, ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं खरं होतं.

धुळ्याला शिरपूरची गाडी लागलेली होती. आबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. तरुण ड्रायव्हर त्यांना ओळखत नव्हता. सोनगीर गेलं, नरडाणा गेलं. वळणावर आबांचा उजवा पाय जागच्या जागी दाबला जायचा. तापीच्या पुलावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही, समोर पाहिलं, पूल संपेपर्यंत. पंडितच्या मांडीवर पिशवी होती. तो मंजुळाचा चेहरा आठवत होता आणि त्याला इरा दिसत होती. शिरस्त्राण काढून टाकलं तरी इराच. तिच्या आधीचं, खरं, काही राहिलं होतं का हे त्याला तपासता येईना. शिरपूरला गाडी बदलून बोराडीला उतरल्यावर आबांनी कोणाला वाट विचारली नाही. ते चालू लागले. नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडांखालून, डाव्या हाताला. पंडितच्या लक्षात आलं की वाट त्यांनी फार पूर्वीच कोणाला तरी विचारून ठेवली होती आणि इतकी वर्षं जवळ बाळगली होती.

कुडाच्या घरापुढे एक बाई मोहाची फुलं पसरत होती. अंगाने भरलेली, उन्हाने काळवंडलेली, पुढचा एक दात नसलेली. पंडित तिला मंजुळाबाईचं घर विचारणार होता. तोंड उघडलं आणि त्याच क्षणी ती उभी राहिली, म्हणून तो वाचला. तिने आबांकडे पाहिलं. डोक्यावर पदर घेतला. आबा टोपी हातात घेऊन नुसते उभे होते, चुकीच्या थांब्यावर उतरल्यासारखे. मग तिने आतून खाट ओढून आणली. "बठा आबा," ती म्हणाली. आबा बसले. तिने पाणी आणलं. पंडितला म्हणाली, "भाऊ, तू वाळी गया रे." आई कशी आहे, विचारलं. म्हैस व्यायला झालीय हे ऐकून कितवं वेत आहे, विचारलं. कोणी रडलं नाही. आबांनी मध्येच तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही ती फुलं गोळा करायला वाकली तेव्हा, आणि ती वाकलेलीच राहिली, हात उचलेपर्यंत.

चैत्राम आला. आश्रमशाळेत मास्तर होता, केस पिकले होते, बोलणं तेवढंच होतं. तो आणि आबा पाण्याबद्दल, विहिरीबद्दल, यंदाच्या ज्वारीबद्दल बोलत बसले, जणू मागच्या रविवारी राहिलेलं बोलणं पुढे चाललं होतं. मंजुळाने चूल पेटवली. पंडित तिच्याकडे पाहत होता. भुवई शोधत होता. दोन्ही भुवया सरळ होत्या, सारख्या, साध्या. कदाचित एक कधीच वर चढलेली नव्हती. चैत्राम त्याच्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला की शिरपूरला पेपर मिळतो तेव्हा तो पाहतो. रेषेवरून हात ओळखला होता. एकदा घरीही आणला होता. पंडितने विचारलं, ती काय म्हणाली. चैत्राम जरा अवघडला. तिने बराच वेळ पाहिलं, तो म्हणाला, आणि मग मला विचारलं, ही कोण आहे. पंडितने मान हलवली. त्याला वाईट वाटायला हवं होतं. आत कुठेतरी एक जागा रिकामी झाल्यासारखं झालं, सामान उचलून नेल्यावर भिंतीचा मूळ रंग दिसतो तसं, आणि तिथे वारा येत होता एवढंच. जेवणं झाली. तिने त्याला आग्रह केला नाही, न विचारता आणखी अर्धी भाकरी ताटात टाकली. तो हात त्याने ओळखला.

उन्हं कलल्यावर शेवटची गाडी धरायला हवी म्हणून तो उठला. आबा उठले नाहीत. मंजुळाची मुलं मोहाची फुलं वेचायला रानात गेली होती, ती अजून आली नव्हती. आबांनी पाय खाटेवर घेतले आणि म्हणाले, "पोरे इवाना शेतस. तू जाय. मी सकाय इसू." मंजुळा चुलीकडे तोंड करून उभी होती, तिने ऐकलं आणि आत जाऊन एक गोधडी आणून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. चैत्राम पंडितला नाल्यापर्यंत सोडायला आला. गाडीत पंडितने खिशातली पेन्सिल काढली, तिकिटाच्या मागे तिचा चेहरा काढायचा म्हणून. एक रेघ मारली. मग पेन्सिल ठेवून दिली आणि धुळ्यापर्यंत बाहेर बघत राहिला.

फागण्याला पोचला तेव्हा घरात दिवे लागले होते. आई गोठ्यात होती. म्हैस व्याली होती, पारडू अजून ओलं होतं आणि आई ते कोरड्या पोत्याने पुसत होती. तिने मागे वळून पाहिलं, तो एकटाच दिसल्यावर तिचे हात थांबले. पंडितने घाईने सांगितलं की आबा तिथेच राहिलेत, उद्या येणार आहेत. तिने ते ऐकून घेतलं. पोतं पारडाच्या पाठीवरून पुन्हा फिरायला लागलं. ती कशी दिसते, असं आई आता विचारेल म्हणून पंडित उत्तर शोधत उभा राहिला. जाडी झालीय, दात गेलाय, काय काय सांगायचं. आईने ते विचारलं नाही.

"मंग, काय रांधं व्हतं तिनी?"

"उडीदनी दाळ. भाकर."

"मीठ?"

"जास्त व्हतं," पंडित म्हणाला.

झुंबरबाईने मान हलवली, एकदा, आणि मग हलवतच राहिली. पारडू उठायची धडपड करत होतं. तिने त्याच्या पोटाखाली हात घातला.

"तीच शे," ती म्हणाली.